बंधाऱ्यातली हातभर वाट

बोटाएवढ्या माशाच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, निघाली तेव्हा माझा हात विळीवरच थांबला.

मी सूसच्या सोसायट्यांत मासे विकते. दीर मुळशी धरणात जाळं टाकतात. कुणापुढे हात न पसरता हा धंदा उभा केलाय आणि भावात मला अजून कुणी वाकवलेलं नाही. मासा वाढतो धरणात, पण जन्मतो आमच्या गावच्या ओढ्यात. पिल्लं पाण्याबरोबर खाली उतरतात, हातभर होतात आणि भातलावणीच्या दिवसांत गाबोळी घेऊन ओढा चढून येतात. चढणीच्या माशाला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. थोडे मासे मात्र उतरतच नाहीत. ते वरच्या डोहात राहतात, लहानच राहतात. तरी वीतभर झाल्याशिवाय त्यांनाही गाबोळी धरत नसे.

मग ओढ्याकाठच्या प्लॉटवाल्यानं मुलांना डुंबायला बंधारा घातला. आम्हाला विचारलंसुद्धा नाही. तो राग मी अजून गिळलेला नाही. दोन पावसाळे मोठे मासे भिंतीवर आपटून परत गेले. यंदा धरणात लहान मासा दिसेना, म्हणून डोहातला एक आणून चिरला, तर हे असं. उतरायच्या वयातच पिकलेला. डोहातच गाबोळी धरली की मासा खाली उतरत नाही. हे धरणाकडे कधी जाणारच नव्हते.

मी दिरांना घेऊन तडक प्लॉटवर गेले. मालक वऱ्हाडातला, हिंजवडीत नोकरीला.

"काकू, वरती भरपूर फिश आहेत. व्हिडिओ दाखवू?"

"बघितल्यात म्या. त्येचंच भ्या वाटतंय. भिंत दोन हात फोडा."

"दोन हात? सगळं पाणी जाईल. एक वीत."

"वितीतनं काय मुंग्या चढवू, साहेब?"

"बरं, एक हात. फायनल."

एरवी मी पाठ फिरवून चालू लागले असते आणि त्यानंच मागून हाक मारली असती. त्या दिवशी "व्हय" म्हणून मोकळी झाले. दीर माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. मी घासाघीस सोडलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. घाबरले तेही.

भिंत फोडली. रोज काठावर बसायचो. पाणी गढूळ, आवाज कानठळ्या बसवणारा, आणि मासा नाही. एका दुपारी फटीखाली काळी पाठ हलली. पोटाला जड झालेली मादी. उडाली, कडेवर आपटली, गडप झाली.

"वैनी, उचलून वर टाकू का?"

"हात लावाल तर बघा! गाबोळी फुटंल."

पुन्हा उडाली, पुन्हा पडली. मग एकदम फटीतून वर निसटली. मी तिच्यामागचा मासा बघत राहिले. संध्याकाळ झाली तरी दुसरा आला नाही.

वरच्या उथळ पाण्यात तिच्याजोगा एकही नर नव्हता. डोहातले ते बोटाएवढे नर मात्र झुंबड करून तिच्या पोटाला लागले.

"झालं की काम," दीर म्हणाले.

"पोरं कुनावर जातील, भावजी? आईवर का ह्यांच्यावर?"

आता पाऊस ओसरलाय. डोहात पिल्लं वळवळताना दिसतात. मी रोज फटीशी जाऊन उभी राहते. अजून एकही खाली उतरलेलं नाही.