माल कुणी सोडला

सूतवाल्या बाईंचं सूत समुद्रापार जायचं ते एकाच जहाज कंपनीतून, कारण तिथले मॅनेजर त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. घरचाच माणूस म्हणून बाई निर्धास्त होत्या.

त्या खेपेला परदेशातल्या व्यापाऱ्याने पैसे भरलेच नाहीत. मूळ बिल ऑफ लेडिंग, म्हणजे मालाच्या ताब्याचा कागद, बँकेतून तसाच बाईंकडे परत आला. तो कागद दाखवल्याशिवाय बंदरात कुणाला माल मिळत नाही. त्या भरवशावर बाईंनी दुसरं गिऱ्हाईक गाठलं आणि भाऊजींना फोन केला.

"माल गेला हो," भाऊजी म्हणाले. "त्या व्यापाऱ्याने हमीपत्र दिलं, मी सोडायला सांगितलं. जुना माणूस आहे, कुठे पळतोय?"

तो पळालाच होता. बाईंचा कारखाना बंद पडला, कामावरच्या बायका घरी बसल्या. त्यांत बाईंची सख्खी जाऊही होती. एवढ्यावर भागलं नाही. बाईंनीच तोंडी परवानगी दिली होती, असं भाऊजींनी कंपनीला लिहून दिलं. ते कळलं तेव्हा बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चूक पोटात घातली असती," त्या वकिलाला म्हणाल्या. "हे नाही घालणार."

दावा कंपनीवर लागला. मूळ कागद न बघता माल दिला म्हणजे भरपाई आपल्याच गळ्यात, हे कंपनीही जाणून होती. तिने तडजोडीला हात पुढे केला. बाईंनी तो झिडकारला. आधी भाऊजी साक्षीला उभे राहिले पाहिजेत.

बहीण येऊन रडली. "ताई, घरातलं घरात मिटव गं."

"मला खोटं पाडलं ते घरात का?"

साक्षीच्या दिवशी बाईंनी सगळं माहेर बोलावून मागच्या बाकांवर बसवलं.

"बाईंनी परवानगी दिली होती?" वकिलाने विचारलं.

भाऊजींनी चष्मा पुसला. "नाही."

"मग माल कुणी सोडला?"

"मी."

बाईंनी वकिलाची बाही ओढली. "परत विचारा. मागे ऐकू गेलं नसेल."

कंपनीने पै न् पै मोजली. भाऊजींची नोकरी गेली. बहिणीने बोलणं टाकलं, ते मात्र बाईंना लागलं, रडल्याही एकदा.

कारखाना पुन्हा सुरू झाला. कचेरीत माणूस हवा होता, तेव्हा भाऊजी स्वतः आले. बाईंनी त्यांना दुपारभर स्टुलावर बसवून ठेवलं, चहा पाठवला आणि संध्याकाळी सांगितलं, "जागा भरली."

ती आजही रिकामीच आहे.