तालुक्यातली दुसरी गाडी

मारुंजीत वडिलांना माणसं गाडीवरून ओळखायची. दोनच दारं, मागं छतापर्यंत चढलेल्या काचा. ते मॉडेल बंद पडलं तशा लोकांनी गाड्या फुंकून टाकल्या. आमच्या माहितीत तालुक्यात दोनच उरल्या, दोन्ही करड्या. एक आमची. दुसरी घोटावड्याला वडिलांच्या दोस्ताची, तीही गोठ्याशेजारी बंद पडलेली. आई आमच्या गाडीला सवत म्हणायची. वडील तिला पुसायचे तेवढ्या मायेनं आमच्या डोक्यावरूनही हात फिरला नसेल.

२००६च्या उन्हाळ्यात वडील ताम्हिणीकडं गेले होते. दुपारी चुलत्यांचा फोन आला. "वहिनी, दादाची गाडी दरीत गेलीया. वरनं दिसतीया. मानसं उतरल्यात खाली."

"त्यांचीच कशावरनं?"

"तसली चालती गाडी दुसरी हाय कुटं?"

वडिलांचा फोन लागेना. बघता बघता ओटा बायकांनी भरला. शेजारची म्हातारी आईच्या मंगळसूत्राकडं सारखी बघत होती. तिला हाताला धरून बाहेर काढावंसं मला वाटलं. मग परत फोन आला. वर आणलेला माणूस वडील नव्हते. तो जिवंतही नव्हता.

आई भिंतीला टेकून हसत होती की रडत होती, कळेना. तेवढ्यात वडीलच दारात आले, गाडीसकट, धडधाकट. आईनं सगळ्यांसमोर त्यांच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या.

सगळं ऐकल्यावर वडील पायरीवरच बसले. "मंग ती त्याची. मागल्याच आठवड्यात आमी दोघांनी चालू केली." आपला जपून ठेवलेला रेडिएटर त्यांनी दोस्ताला दिला होता आणि आई बोलेल म्हणून घरी चकार शब्द काढला नव्हता.

मग ते म्हणाले, "फोन समदे आपल्याकडं आलं. त्याच्या घरी कुनी सांगितलं आसंल?"

कुणीच सांगितलं नसणार. तिघं तसेच निघालो, आई पुढं, मी मागं. काय बोलायचं हेच ज्याच्या त्याच्या डोक्यात. कशातून चाललोय, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

घोटावड्यात त्यांच्या अंगणात वळलो. इंजिनाचा आवाज ऐकून दोस्ताची बायको पदरानं हात पुसत बाहेर आली. उन्हानं पुढची काच चमकत होती, आतलं तिला दिसत नव्हतं.

"आला व्हय? जेवाण गार झालं की!"

वडिलांचा हात स्टिअरिंगवरून हलेना. आईनं दार उघडेपर्यंत तिनं आत वळून सुनेला ताट वाढायलाही सांगितलं होतं.