चांदणीच्या खुरावरची रेघ

मंडळी, आमच्या चांदणीचा तबेला मी बांधला. खोगीर आणि तोबरा मी शिवला, बांधायचा दोर मी वळला. तिचा खुराकही मीच पुस्तकं वाचून, काट्यावर तोलून तयार करतो. त्यात ताकदीच्या तीन पावडरी.

तरी घोडी महिन्याभरापासून लंगडते आहे. खुरांना चिरा, आयाळ विरळ. म्हणून आज अमरावतीहून जनावरांच्या डॉक्टर मॅडमना तिवशाला बोलावलं.

त्यांनी खुरावरच्या एका आडव्या रेघेवर बोट ठेवलं. "दादा, खूर वरून खाली वाढतो. ही रेघ दिवाळीच्या सुमाराची दिसते. तेव्हा खाण्यात काय बदललं?"

मी गारच पडलो. तिसऱ्या पावडरीचा डबा दिवाळीतच उघडला होता!

मॅडमनी तिन्ही डबे वाचले. "तिन्हीत सेलेनियम आहे. हे खनिज कणभरच लागतं. जास्त झालं की खूर फाटतात, केस झडतात. रक्त तपासू, पण पावडरी आजच बंद."

"अन् हे खूर?"

"नवे येतील. वर्षभर आराम द्या, काम नको."

मी खुराजवळ उकिडवा बसून त्या रेघेकडे बघतच राहिलो. दिवाळीत काय खाल्लं ते पायावर उमटतं! तुम्ही कधी खूर इतक्या जवळून पाहिलाय?

लग्नाच्या वरातीला घोड्या भाड्याने देणारा अकोटचा एक वरातीवाला चांदणीला बघायला आला होता, तो शेजारीच उभा होता. "वर्षभर बसवून खाऊ घालता का भाऊ? मले द्या. वरातीत हयूहयू चालन थे."

हळूहळू का होईना, चालायचं तिलाच होतं. मी नाही म्हटलं. चाळीस हजार रोख देत होता.