श्रावणातले बोंबील

“काय लिवलंस, वाच तिला.”

सिस्टरांनी हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आम्ही जोह्यातल्या एका गणपतीच्या कारखान्याच्या पडवीत बसलो होतो. मी एका बाईचा फॉर्म भरून पिशवीत टाकत होते. सिस्टरांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, नाडी बघतात तशी, आणि मला थांबवलं. चार पानांचा फॉर्म, बाई कामाची, उकाडा मरणाचा. पण सिस्टर हटेनात. शेवटी मी वाचलं. “रात्री दम लागतो का? नाही.” तशी ती बाई म्हणाली, “रात्री नाय गो, पहाटेचा लागतो.” मी खाडाखोड केली. सिस्टर पदर झटकून पुढच्या घराकडे निघाल्या.

मी तेव्हा सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी करत होते. घर रोह्याला, आईवडील दोघंही शिक्षक, आणि मी दातांची डॉक्टर होऊन पुन्हा शिकायला बसलेली. सव्वीस वर्षांच्या मुलीबद्दल शेजाऱ्यांना ‘अजून शिकतेच आहे’ असं सांगताना आईचा चेहरा कसा होतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. प्रबंधाचा विषय होता, प्लास्टरच्या मूर्ती घासणाऱ्या बायकांचा श्वास आणि आहार. पेणजवळ हमरापूर, जोहे या भागात घरोघर गणपतीचे कारखाने. साच्यातून निघालेली मूर्ती पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायची, हे काम बहुतेक बायकांकडे. दिवसभर घासून त्यांच्या भुवया पांढऱ्या होतात. तीच पूड आत किती जाते, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी हातात मावणारं एक यंत्र होतं. नळीत जोरात फुंकलं की काटा सरकायचा. जितका काटा पुढे, तितकी छाती मोकळी.

दोनशे बायका हव्या होत्या. प्रत्येक फॉर्मवर गावच्या आरोग्यसेविकेची सही हवी, ही मुंबईच्या आमच्या सरांची अट. ती आरोग्यसेविका म्हणजे या सिस्टर. पन्नाशी उलटलेल्या, जोह्याच्याच लेकी, उंचीने एवढ्याशा आणि बोलायला कमालीच्या कंजूष. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती ओरडत नाहीत, आणि म्हणूनच त्यांची जास्त भीती वाटते.

एकदा एक बाप म्हणाला, पोराचं लसीचं कार्ड हरवलं, आता कुठली लस झाली नि कुठली नाही देव जाणे. सिस्टरांनी वही उघडली आणि भर रस्त्यात त्याला पोराची एकेक लस तारखेसकट वाचून दाखवली. वही मिटताना म्हणाल्या, “आणि गेल्या म्हयन्यात तू घरात नाय म्हणून सांगितलंस. माळ्यावर होतास.” बाप निमूट पोराला लसीला घेऊन आला.

मला त्या डॉक्टर म्हणायच्याच नाहीत. “दातवाली पोर” म्हणायच्या. मी चिडायचे. मला चिडायला तेव्हा फारसं काही लागायचं नाही.

आषाढ बरा गेला. श्रावण लागला आणि कारखान्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. बायका मान वर करेनात. श्रावण सरत आला तेव्हा चौदा फॉर्म बाकी होते. गणपती बसल्यावर कारखाने रिकामे होणार, बायका पांगणार, आणि गणपतीनंतर लगेच प्रबंध द्यायचा. सर फोनवर म्हणाले, “ही टर्म गेली तर पुढची माझ्याकडे मागू नकोस.” माझी झोप उडाली, जेवण उडालं. त्यात सिस्टर चार दिवस लसीकरणाला दुसऱ्या गावांत गेल्या होत्या. मी एकटीच जोह्याला गेले, दोन दारांतून “आता नको हां” ऐकलं आणि मिळेल त्या एस.टी.ने रोह्याला परत आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईबाबा शाळेत असताना मी जेवणाच्या टेबलावर बसले आणि चौदाच्या चौदा फॉर्म भरून टाकले.

कसं ते सांगते, आता लपवून काय करायचं. यादीतली नावं खरी. आकडे आधीच्या फॉर्मांवरून इकडचे तिकडे केलेले. खोकला नाही, दम नाही, ताप नाही. ‘काल काय खाल्लं’ या प्रश्नाला आधीच्या बायकांची उत्तरं उचलली. बायकांच्या सह्याही मीच ठोकल्या, डाव्या हाताने. संपल्यावर मी चक्क गाणं गुणगुणत चहा केला.

सिस्टर परत आल्या. उपकेंद्रात टेबलाशी बसून त्यांनी चष्मा लावला आणि सही करायला पेन उघडलं. पहिला फॉर्म वाचला. दुसरा वाचला. पाचव्याला पेनाचं टोपण पुन्हा लावलं.

“ह्या बायांकडं कधी गेलीस?”

“तुम्ही नव्हतात तेव्हा.”

“काल काय खाल्लं, त्यांनी सांगितलं?”

“हो. विचारलं ना मी.”

“सुक्या बोंबलाचं कालवण आणि भात.”

“हो.”

“श्रावणात.”

आमच्या घरात बोंबील बाराही महिने वर्ज्य. त्यामुळे दुसऱ्यांच्या घरी ते कधी बंद होतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी आषाढातली जेवणं श्रावणातल्या तारखांखाली वाढून मोकळी झाले होते.

“घरात दोनशे गणपती उभे हायेत,” सिस्टर म्हणाल्या, “आणि बाया बोंबील खातात.”

मला आधी राग आला. लाज मागाहून आली, पण राग आधी. मी म्हणाले, “सिस्टर, दोनशेत चौदा म्हणजे काहीच नाही. निकाल बदलत नाही त्याने. प्रबंधातलं तुम्हाला काय कळतंय?”

“नाय कळत. श्रावण कळतो.”

मग मी रडले. हात जोडले. सरांना सांगू नका म्हणाले, वर्ष जाईल, बदनामी होईल, आईबाबांना काय तोंड दाखवू. सिस्टरांनी चौदाही फॉर्म माझ्याकडे सरकवले.

“तुझे सर माझे कोण? बाया माझ्या हायेत,” त्या म्हणाल्या. “गणपतीला आठ दिस हायेत. उद्या पयली गाडी पकड.”

दुसऱ्या दिवसापासून आमची फिरती सुरू झाली. दारात टेम्पो लागलेले, मूर्ती गवतात बसवून चढवत होते, रंगाच्या वासाने डोकं भणभणत होतं आणि कारखानदार आम्हाला बघून कपाळाला हात लावत होते. एक जण म्हणाला, “सिस्टर, गणपती गेल्यावर या ना. पळून जातोय का आम्ही?”

“तू नाय जाणार. बाया जातील,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी पदर नाकावर बांधला, फतकल मारली, समोरच्या बाईच्या हातातला पॉलिश पेपर काढून घेतला आणि तिचा गणपती आपल्या मांडीशी ओढला. “मी घासते. तू फुंक.”

असं प्रत्येक ठिकाणी केलं. बाई फुंकायची, उत्तरं द्यायची, आणि तेवढा वेळ सिस्टर तिची मूर्ती घासायच्या. हात सराईत होता. लहानपणी त्यांनीही हेच केलं होतं. संध्याकाळी त्यांच्या पांढऱ्या साडीवरची पूड दिसायची नाही, पण केसांवरची दिसायची. माझ्याशी त्या एरवी एक शब्द बोलत नव्हत्या. फॉर्म भरून झाला की फक्त, “वाच तिला.” मी वाचायचे. माझ्या खोट्या कागदांवर चौदाही जणी ठणठणीत होत्या. सहाव्या दिवसापर्यंत तेरा झाल्या, आणि त्यातल्या आठ जणींना काही ना काही होतं. निकाल बदलत नाही म्हणे!

चौदावी सापडेना. तिला मी इथे वनिता म्हणते. लग्न होऊन जोह्याला आलेली, चोवीस-पंचवीस वर्षांची. तिची सासू म्हणाली, “माहेरी गेलीय. कामाला आंग लागत नवतं तिचं.” माहेर धाटावच्या पुढे, म्हणजे माझ्याच रोह्याकडे.

गणपती दोन दिवसांवर. मी म्हणाले, “सिस्टर, राहू दे. मी एकशे नव्याण्णव लिहीन. खरं तेच लिहीन.” मला वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल.

“ते तुझं झालं,” सिस्टर म्हणाल्या. “तिचं काय? तिला तू ठणठणीत लिवलंस ना? मग जाऊन वाच तिला.”

स्वतःच्या घरी गणपती यायचा, आवरायचं सगळं तसंच टाकून त्यांनी रजा काढली. पेणहून रोह्यापर्यंत एस.टी.त उभ्याने आलो. पुढे रिक्षा. धाटावला कंपन्यांची शिफ्ट सुटली होती, रस्ता बस आणि मोटरसायकलींनी भरलेला. रिक्षा मुंगीच्या पावलाने चालली होती आणि मांडीवरचा तो खोटा फॉर्म मला चटके देत होता. वाटेत मी दोनदा तरी ठरवलं की रिक्षातून उतरून सरळ घरी जावं.

वनिता पडवीत गोधडीवर बसली होती. इतकी बारीक की मला आधी ती कुणाची तरी शाळकरी मुलगी वाटली. तिची आई म्हणाली, “बारीक ताप येतो सांजचा. पूड बाधली, उतरंल.” सिस्टरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

मी वाचायला लागले. दुसरं काय करणार? “खोकला, नाही. ताप, नाही. दम लागणे, नाही. वजन कमी होणे, नाही.” वरची श्रावणातली तारीखही वाचली. वनिता लक्ष देऊन ऐकत होती, आपल्याबद्दल कुणी एवढं लिहिलंय याचं तिला कौतुकच वाटत असावं. “काल रात्रीचं जेवण. सुक्या बोंबलाचं कालवण, भात.”

“बोंबील?” ती म्हणाली. “श्रावणात?” आणि हसली. त्या हसण्यातून खोकला सुटला तो थांबेचना. आई पाठ चोळत राहिली. सिस्टरांनी तिच्या तोंडाशी रुमाल धरला. मी फॉर्म हातात घेऊन उभी होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

थोडी सावरल्यावर तिने नळीत फुंकलं. एकदा, दोनदा, तीनदा. काटा जेमतेम सरकला, एकशे दहा. मी तिला तीनशे वीस दिले होते.

“आकडा मोठ्यानं वाच,” सिस्टर म्हणाल्या. मी वाचला. दोन्ही वाचले.

त्याच रिक्षातून तिला रोह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर आमच्यावर उखडले. “मुलीची काय दशा झालीय! इतके दिवस काय करत होतात तुम्ही लोक?” सिस्टरांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. माझ्याकडे बोट दाखवता आलं असतं, त्यांनी दाखवलं नाही. पुढे तपासणीत टीबी निघाला आणि गोळ्या सुरू झाल्या.

संध्याकाळी रोह्याच्या स्टँडवर बाकावर बसून त्यांनी चौदाव्या फॉर्मवर सही केली. पेणची गाडी लागली, त्या चढल्या. खिडकीतून म्हणाल्या, “घरी जाऊन जेव पोरी. आठ दिस काय खाल्लेलं नाय तू.” मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी होते.

पदवी मिळाली. बांधलेला प्रबंध घेऊन मी उपकेंद्रात गेले. आभारांच्या पानावर त्यांचं नाव होतं, ते मी उघडून समोर धरलं. त्यांनी ते पान उलटलंच.

“ती कुठाय यात?”

मी तक्त्याचं पान काढलं. सगळ्यात कमी फुंकेच्या रकान्यात ‘एक’ होता. मी सांगितलं, नाव छापायचं नसतं सिस्टर, आमचा तसा नियम आहे. त्यांनी त्या एकावर बोट ठेवलं, थोडा वेळ ठेवूनच दिलं.

“नसू दे नाव,” त्या म्हणाल्या. “कालच आली सासरी. घासकामाला पाठवू नको म्हणून सासूला बजावून आलेय.”

पुढे त्या निवृत्त झाल्या. मी नोकरीत अडकले, फोन कमी झाले, आज जाऊ उद्या जाऊ करत राहिले. आणि एका सकाळी उपकेंद्रातून फोन आला की सिस्टर झोपेतच गेल्या.

मी पोचले तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. भोवती गावातल्या बायका. मी फाटकाशीच थबकले, आत जायचा धीर होईना. बायका रडत होत्या, एकीचा आवाज दुसरीच्या आवाजात मिसळत होता. पण एक आवाज सगळ्यांच्या वर होता. “माझे बाय गोऽऽ” असा तो निघायचा आणि लांबत जायचा, तुटायचाच नाही. मला वाटलं लेक असेल, पण सिस्टरांना लेक नव्हती.

मी टाचा उंचावून बघितलं. अंगाने भरलेली, मांडीवर मूल घेतलेली एक बाई त्यांच्या पायाशी बसली होती. तिने मान वर केली आणि मी ओळखलं. वनिता होती ती. तिने पुन्हा छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा हाक मारली, आणि मला तिथेच फाटकाला धरून रडू फुटलं.