ड्रमातला तांदुळजा

एसटी सुटता सुटता आईनं खिडकीतून माझ्या हातात एक पुरचुंडी कोंबली. तांदुळज्याचं बी. "शहरात भाजीबी इकत घ्यावी लागती म्हनं. दारात पेर, माय," एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून वळली. शालू, तू तिच्या मागं नाक पुसत उभी होतीस. मी रडले नाही, म्हणून तुम्हाला वाटलं, ताई खुशीत निघाली. खुशी कसली! नवरा अजून नीट ओळखीचा नव्हता आणि भोसरी हे गाव की शहर, तेही मला ठाऊक नव्हतं.

भोसरीत सोनाबाईंच्या चाळीत आमची एक खोली होती. सोनाबाई मूळच्या तिथल्याच, जमीन कंपन्यांत गेलेल्या घरातल्या. ह्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, त्यामुळं मी कधी दिवसा एकटी, कधी रात्री. कंपनीचा भोंगा झाला की दचकायची, कुणी कडी वाजवली तरी दचकायची. आपल्याकडं कुत्रं भुंकलं तरी कुणाचं ते कळायचं. इथं शेजारीण हसली तरी मला धडकी भरायची.

मग दिवस राहिले. दवाखान्यातल्या सिस्टरनं माझी पापणी ओढून बघितली. "अंगात रक्त नाही तुझ्या. रोज अंडं आणि पालेभाजी खायची," म्हणाली. दुसऱ्याच दिवशी हे कंपनीतून अर्धा कापलेला ड्रम सायकलला बांधून घेऊन आले, वरात आणल्यासारखे. चाळीत सगळ्यांच्या दारात कंपनीचेच ड्रम असत, वापरायच्या पाण्याला, कोळशाला. आम्ही त्यात माती भरली आणि आईचं बी पेरलं.

तांदुळजा फोफावला. कोवळी पानं खुडायची, बारीक चिरायची. करडईच्या तेलात लसूण, मिरची, कांदा आणि वर ही भाजी. मीठ शेवटी, कारण पालेभाजी आळते, आधी घातलं की खारट होते. तिच्याच पाण्यात शिजली की पळीनं खळगा करायचा, त्यात अंडं फोडायचं आणि झाकण ठेवायचं. भाकरीशी इतकं चवीचं लागायचं, की त्या खोलीत पहिल्यांदा मला बरं वाटलं. गालांवर रंगही आला.

सोनाबाई तेव्हा निघोज्याला लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला गेल्या होत्या. परत आल्या त्या माझ्या दारापाशीच थबकल्या. मी भाजी खुडत होते.

"ह्यो डरम कुठला गं?"

"कंपनीतला, आत्या."

"आन् ह्यातलं खातीस व्हय? आगं, असल्याच डरमातलं पानी पिऊन आमची म्हस मेली. काय व्हतं त्यात, कुनी सांगितलं न्हाई आमाला."

हातातली पानं गळून पडली. बाळ सकाळपासून हललं होतं का, तेच मला आठवेना. पोट दाबून बघितलं, कूस बदलून बघितली. काही नाही. त्याच दुपारी सोनाबाईंना घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी कितीतरी वेळ कान लावून ऐकलं. "ठोके आहेत," म्हणाल्या. "पण पुढचं आज सांगता येणार नाही. दर आठवड्याला दाखवायला यायचं."

ह्यांनी कंपनीत विचारलं. स्टोअरवाला म्हणाला, "कशाचा होता कुणास ठाऊक, राव. धुतलाय ना?" ड्रम ह्यांनी नेऊन खड्ड्यात पालथा केला आणि पुढं कित्येक दिवस आम्ही जेवताना एकमेकांकडं बघितलं नाही.

सातव्या महिन्यात दादा मला न्यायला आला आणि एकटाच परतला, ते तुला आठवत असेल. पहिलं बाळंतपण माहेरात, ही आपली रीत. "शहराची हवा लागली तिला," आई म्हणाली आणि पुढं वर्षभर तिनं माझं नाव घेतलं नाही. तिला काय सांगणार होते? तिनं माझ्यासाठी दिलेलं बी मी विषात पेरलं असेल, असं? आपल्या गावात तेव्हा सुईण होती, डॉक्टर नव्हता. बाळ निळं पडून जन्मलं असतं तर मी कुणाकडं धावले असते?

मुलगी झाली. लगेच रडली, आणि मी तिच्याहून मोठ्यानं. पण भीती काही बाळंत झाली नाही. तिला साधा ताप आला, शाळेत एखादा धडा येईना झाला, की मला तो ड्रम आठवायचा. आज ती दोन लेकरांची आई आहे, तरी तिचा फोन अवेळी वाजला की मी आधी देवाचं नाव घेते.

परवा तू विचारलंस, "ताई, आता तुझं घर कुठलं गं, इथलं गावाकडचं का तिथलं भोसरीचं?" मी हसण्यावारी नेलं. आता सांगते. त्या दुपारी सोनाबाईंचा हात धरून मी उठले तेव्हा तोंडातून "आई गं" निघालं, पण पाय एसटीच्या नाही, दवाखान्याच्या रस्त्याला लागले.