दुर्पताबाईचं कुलूप

दुर्पताबाई निखाड्याशी भांडायचं असेल तर घरून जेवून निघावं, असं बोरधडीत म्हणतात. ती मध्येच उठू देत नाही. धाकट्या बहिणीच्या लग्नात नवरदेवाच्या मामाने मांडवात शिरलेल्या गाभण बकरीला लाथ घातली, तेव्हा हिने अक्षता थांबवल्या आणि मामाला बकरीची माफी मागायला लावली. बकरीने त्याला माफ केलं असावं. दुर्पताबाईने अजून केलेलं नाही. बहिणीकडे गेली की ती आधी विचारते, 'मामाचा पाय शाबूत हाये ना?'

नवरा तिशीतच हिवतापाने गेला. मागे दोन बकऱ्या राहिल्या. त्या दोनांच्या तिने एकोणीस केल्या, आणि प्रत्येकीला गावातल्या एकेका बाईचं नाव दिलं. सगळ्यात मोठ्याने ओरडणारी ती सरपंचीण. खरी सरपंचीण यावरून दोन वर्षं बोलत नव्हती, पण दूध मात्र सरपंचिणीचंच नेत होती.

आता पुढचं हसण्यासारखं नाही.

नाल्यापलीकडचं तीन एकराचं वावर एका कंपनीने चाचणीसाठी घेतलं. तण मारायचं औषध वरून फवारलं तरी पऱ्हाटी ढिम्म राहील, असं ते कपाशीचं नवं बियाणं. ते बाजारात जाण्याआधी माणसाला, जनावराला, मातीला त्यापासून काही अपाय होतो का, हे बघायचं होतं. म्हणजे, बघायचं आहे असं कागदावर होतं. गावात कंपनीचा माणूस म्हणजे भास्कर लोणारे. त्याचं बियाण्यांचं दुकान आहे आणि मिशी रंगवणारा तो गावातला पहिला पुरुष. त्याने भोवती तारेचं कुंपण घातलं, लोखंडी फाटक बसवलं, त्याला हाताएवढं पितळी कुलूप लावलं आणि किल्ली दुर्पताबाईच्या कमरेला दिली. हिच्यासारखी राखणदार तालुक्यात मिळाली नसती, हे त्याचं बरोबरच होतं.

फवाऱ्याला माणसं आली ती नाकातोंडाला फडकी आणि कोपरापर्यंत हातमोजे घालून. दुर्पताबाई वावराच्या धुऱ्यावर उघड्या तोंडाने उभी. तिने लोणाऱ्याला विचारलं, औषध बाधत नाही म्हणता, मग ही नवरीसारखी तोंडं झाकून काहून आली? लोणारे म्हणाला, धुळीसाठी. पावसाळ्यात धूळ कुठली, हे विचारायच्या आत त्याची मोटारसायकल निघाली होती.

कापसाच्या पहिल्या वेच्याला बायका दहीभात घेऊन सीतादहीची पूजा करायला आल्या, तर लोणाऱ्याने त्यांना फाटकावरूनच परत पाठवलं. बाहेरचं आत न्यायचं नाही, असा नियम म्हणे. बायका कुरकुरल्या. दुर्पताबाईने ऐकून घेतलं, कारण किल्ली तिच्या कमरेला होती आणि शब्द दिलेला होता. पण सीतादही अडवणं निराळं आणि उलंगवाडी अडवणं निराळं. शेवटचा वेचा झाला की वावर मालकाचं राहत नाही. कुंपण मोकळं करायचं, गावाच्या जनावरांनी पाला, राहिलेली बोंडं खायची. उलंगवाडीनंतर ज्याने फाटक लावून ठेवलं त्याच्या घरी आमच्याकडे कोणी पोरगी देत नाही.

फाल्गुनात शेवटची पोती मोहोर लावून गाडीत चढली. लोणारे गाडीवरूनच म्हणाला, "झालं मावशी, तुयं काम संपलं."

पऱ्हाटी उपटून जाळायची, तोवर आत जनावराचं खूरही पडू द्यायचं नाही, हे कंपनीच्या वहीत चौदाव्या पानावर लिहिलेलं होतं. लोणाऱ्याने ते पान उलटलं नव्हतं. दुर्पताबाईला पान वाचता येत नव्हतं, पण रीत येत होती. तिने कुलूप काढलं, फाटक सताड उघडलं आणि नाल्यावरून गुराख्यांना हाक दिली.

तिसऱ्या दिवशी बकऱ्या फुगल्या. तोंडाला फेस, पाय ताठ. गावाच्या अकरा मेल्या, त्यांतल्या सात हिच्या. सरपंचीण शेवटी गेली, हिच्या मांडीवर डोकं ठेवून. जिच्या नावाने ती बकरी होती ती बाई पहिल्यांदाच या दारात येऊन बसली, आणि काही न बोलता रडून गेली. बाकी गाव मात्र बोललं. फाटक कोणी उघडलं? हिने. मग मारल्या कोणी? हिनेच.

जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर भला. मोठे डॉक्टर रजेवर होते. त्याने हळूच सांगितलं, की काळजाचा तुकडा आणि पोटातला चारा मिठात घालून लगेच तपासायला न्या. दुर्पताबाईने विळा घेतला. जिला नाव देऊन वाढवली तिचं पोट तिने आपल्या हाताने फाडलं, लोणच्याची बरणी भरली आणि एसटीने जिल्ह्याला गेली. तिथल्या प्रयोगशाळेच्या खिडकीतला माणूस म्हणाला, डॉक्टरांचं पत्र आणा. डॉक्टर सोमवारी येणार होते. ते सोमवारी आलेच नाहीत. बरणी माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ती रोज दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसू लागली.

तिच्या त्या बसण्याच्या पेपरात चार ओळी आल्या, आणि दीड महिन्याने सरकारी समिती येणार असं कळलं. समितीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी लोणारे टाइप केलेला कागद घेऊन आला आणि वाचून दाखवला. कुंपण एकदाही उघडलं नाही, जनावरं आत गेली नाहीत, बकऱ्या दुसरीकडे कुठेतरी काही खाऊन मेल्या. खाली अंगठ्यापुरती जागा कोरी. अंगठा दे, दोन उस्मानाबादी पाठी, तरण्या बकऱ्या, दारात बांधतो, म्हणाला. आणि फाटक उघडलं म्हणशील तर सगळं तुझ्याच गळ्यात येईल, गाव आधीच तापलेलं आहे. यातलं शेवटचं तरी खरंच होतं.

दुर्पताबाईने कागद घडी करून चोळीत ठेवला. लोणाऱ्याला वाटलं, काम झालं. मिशी रंगवणाऱ्याला बाई वाचता येत नाही, ती अशी.

ग्रामपंचायतीत समिती बसली. तिघं जण. मुख्य होत्या डॉक्टर गोखले मॅडम, नागपूरच्या, चष्म्यातून सरळ बघणाऱ्या. पोहे झाले, चहा झाला, छापील प्रश्न निघाले. 'जनावरे प्रक्षेत्रात शिरली काय?' यापुढे 'नाही' आधीच लिहिलेलं होतं. दुर्पताबाई उठली, चोळीतून कागद काढून मॅडमसमोर ठेवला, आणि त्यावर बरणी ठेवली.

"मीच उघडलं फाटक," ती म्हणाली. "उलंगवाडी होती. याच्यावर लेयलं हाये का उघडलं नाई. मंग हे बरनीतलं कोनाचं हाये? माह्यं?"

लोणारे पुढे झाला, बाई दुःखाने बहकली म्हणाला. मॅडमनी हात वर केला. बाई, तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला कळतंय ना, असं त्यांनी विचारलं. जनावरं आत गेली म्हणजे वहीतल्या चौदाव्या पानावरचा चाचणीचा नियमच मोडला, आणि उघडणाऱ्या तुम्ही.

"म्या मोडला त म्या मोडला, लेवा माह्यं नाव. मले नियम सांगतला कोन? तो चौदाव्या पानावर झोपला होता आन हा दुकानात." तिचा आवाज चढला नाही. तिचा आवाज खाली येतो तेव्हा गावाला धडकी भरते. "मी म्हनत नाई का या पऱ्हाटीनंच मारल्या. फवाऱ्यानं मारल्या असतीन. नुसत्या पाल्यानं फुगल्या असतीन. मले का माईत? म्हनून त तुमाले बलावलं, बाई. पन पायल्याबिगर 'नाई' कसं लेयता? अकरा जीव गेले, आन तुमी पोहे खाऊन 'नाई' लेयता?"

पोह्यांची बशी हातात असलेल्या दुसऱ्या साहेबाने ती खाली ठेवली. मॅडमनी 'नाही' खोडून 'होय' लिहिलं, स्वतः बरणीला चिठ्ठी लावली, लाख ओतली. 'पाठवणार' या शब्दापुढे दुर्पताबाईचा अंगठा घेतला.

आषाढात पत्र आलं. शाळेच्या गुरुजींनी वाचून दाखवलं: नमुना विलंबाने प्राप्त झाल्याने तपासणीस अयोग्य. मृत्यूचे कारण निश्चित करता येत नाही. चाचणी नव्या जागी पुन्हा घ्यावी.

"उशीर कोनं केला ते लेयलं हाये का?" तिने विचारलं. गुरुजींनी कागदाची मागची बाजूही पाहिली. मागे काही नव्हतं. त्या दिवशी ती कोणाशी भांडली नाही, आणि म्हणून गाव घाबरून होतं.

नवी जागा शेजारच्या पिंपळदरीत मिळाली. तेच कुंपण, तोच लोणारे, नवा राखणदार. पुढच्या फाल्गुनात शेवटची पोती निघाली त्या सकाळी लोणारे तिथे गेला, तर फाटकाला त्याचं नवं कुलूप होतंच, आणि त्याच्याशेजारी जुनं, हाताएवढं पितळी. ते परत मागायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. फाटकाला पाठ लावून दुर्पताबाई भाकर-ठेचा खात होती. नाल्यावर पिंपळदरीचे गुराखी बकऱ्या अडवून उभे होते. ती त्या गावात घरोघरी फिरून, औंदा जनावरं आत सोडू नका, असं सांगून आली होती. फाटक मोडायला मजूर आणतो, असं तो म्हणाला. "आन," ती म्हणाली. मजूर आले, आणि गुराख्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"अवो मावशी, पऱ्हाटी जाळाच लागते, नियम हाये," लोणारे रडकुंडीला आला. "कुलूप उघडल्याबिगर जाळू कसा?"

"आता पाठ झालं का चौदावं पान?" ती म्हणाली. "जाळजो ना. पन कागदावर नाई. त्या मॅडमले बलाव. तिच्या डोयासमोर उघडतो, तिच्या डोयासमोर जाळ. तिनं पाह्याचं, मंग लेहाचं."

मॅडम यायला दोन दिवस लागले. दोन्ही दिवस पिंपळदरीच्या बायका तिला पाणी आणि भाकर पुरवत होत्या. किल्ली चोळीत होती, जिथे मागे लोणाऱ्याचा कागद होता. तिसऱ्या दिवशी गाडीतून उतरून मॅडम फाटकापाशी आल्या. दुर्पताबाई उठली, लुगडं झटकलं, कुलूप काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"धरा," म्हणाली. "आता राखन तुमची."