वाकणाऱ्या टोकाचा चिमटा

फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या आमच्या रुग्णालयात एका बाईला भूल देत होते. अविनाश गेले, एवढंच नर्सने कानाशी येऊन सांगितलं. हात थांबवता येईना... समोरची बाई माझ्या भरवशावर झोपलेली.

डॉ. अविनाश मूळचे रावेरचे, छातीचे सर्जन. ते ऑपरेशन करायचे, मी भूल द्यायचे; अशी बरीच वर्षं गेली. फुप्फुसाभोवती पू साचलेले रुग्ण आमच्याकडे फार. बरगड्यांच्या फटीतून कॅमेरा आणि अवजार घालून ते पू काढत. पण अवजार सरळ, बरगड्या ताठ. मागच्या वरच्या कोपऱ्यात टोक पोचतच नसे. मग छाती उघडावी लागे. साक्रीकडच्या एका आबांची अशीच उघडली. दुखण्यामुळे ते खोकेनात, कफ साठत गेला. "भाऊ, माले श्वास लेवानी भीती वाटस," ते अविनाशांना म्हणाले. त्याच आठवड्यात आबा गेले.

त्यानंतर अविनाश वाकणाऱ्या टोकाच्या चिमट्यामागे लागले. घरी टोपलीत ओला स्पंज भरायचा आणि काड्यांच्या फटीतून चिमटा घालत बसायचं. टोक वाकायचं, कोपऱ्यात पोचायचंही. पण वाकलं की आतली तार ढिली पडायची आणि पकड सुटायची. कितीदा नवा सांधा करून घेतला, दर वेळी तेच. माणसाच्या छातीत तो चिमटा घालायला ते कधीच तयार झाले नाहीत.

...आणि त्यांच्याच फुप्फुसात गाठ निघाली. मुंबईला त्यांच्या सर्जन मित्राने आधी फटीतूनच प्रयत्न केला. मी ऑपरेशन थिएटरमध्ये उभी होते. गाठ मागे, त्याच वरच्या कोपऱ्यात चिकटलेली, अवजार पोचेना. मित्राने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि छाती उघडली. पुढे न्यूमोनिया झाला. शेवटची भेटले तेव्हा मास्क बाजूला करून ते म्हणाले, "सांधा आखूड करून बघा. पकड राहील." मी हो म्हटलं. पुढे हे करणार कोण, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही.

खोकताना टाके कमी दुखावेत म्हणून छातीशी धरायला ते प्रत्येक रुग्णाला एक छोटी उशी देत. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, त्या घरी शिवायच्या. त्या उश्या अजून वॉर्डात आहेत. परवा एका तरुण बाईची छाती उघडावी लागली, त्याच कोपऱ्यासाठी. संध्याकाळी मी तिच्या टाक्यांवर उशी धरली, अविनाश धरायचे तशी, आणि खोकायला सांगितलं. तिने डोळे मिटून नकारार्थी मान हलवली. मी उशी दाबून तशीच उभी राहिले...

"खोक, बाई," मी पुन्हा म्हटलं.